माती सुटेपर्यंत

कटूरा फेब्रुवारीत गेली.
लॅब्रडॉरच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत
जमीन कुदळीला दाद देत नाही,
म्हणून मेलेल्यांना आम्ही ठेवतो
देवळामागच्या फळ्यांच्या खोपीत,
माती सुटेपर्यंत.
खोपीला कडी बाहेरून.
कोल्ह्यांसाठी, आणखी कोणासाठी नाही.

पाळक म्हणाले, ती सुखलोकात पोचली,
त्याच दिवशी, वधस्तंभावरच्या त्या चोरासारखी,
मधे कुठे थांबणं नाही.
आणि आठवड्यानं, त्याच तोंडानं:
ती प्रभूमध्ये झोपली आहे,
शेवटचा कर्णा वाजला की उठेल.
मी म्हटलं, यातलं खरं कुठलं?
बवाज अडाणी आहे, त्याला नीट सांगा.
त्यांनी चष्मा पुसला. तो लगेच पुन्हा धुरकटला.
म्हणाले, झोपलेल्याला कळत नाही
रात्र किती लांब होती.

मी जागा आहे. मला कळतं.

ती आधी माझ्या भावाची, नथनेलची.
मार्चमध्ये समुद्रावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फाटला;
सात कुत्री, घसरगाडी, सीलची कातडी, सगळं गेलं.
एक कुत्री तेवढी परत आली,
गळ्यात तुटका पट्टा.
नथनेलला थडगं नाही.
समुद्र आपले मेलेले परत देईल
असं लिहिलं आहे. तारीख लिहिलेली नाही.
दोन वर्षांनी ती माझ्याकडे आली,
शिवणाची पेटी आणि ती कुत्री घेऊन.

आजारपणात एकदा मी विचारलंच,
पुनरुत्थानात तू कोणाची?
हसली, खोकला येईपर्यंत हसली.
"तिथे लग्नं नसतात, पुस्तकातच आहे.
कोणी कोणाचं नाही."
मग बऱ्याच वेळानं, भिंतीकडे तोंड करून,
"तरी चहा कुणाला गोड लागतो, कुणाला बिनसाखरेचा,
एवढं मला विसरायला लावू नये त्यानं."

आमच्याकडे दफनभूमीला देवाचं शेत म्हणतात.
बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या,
दगड आडवे, सगळे एका मापाचे,
श्रीमंताचा बोटभरसुद्धा उंच नाही.
नवरा-बायको शेजारी नाहीत,
कारण उठायचं ते ज्याचं त्यानं.
एकतीस वर्षं खड्डे खणतो आहे मी.
ही वाटणी मला कधी खुपली नव्हती.

ईस्टरच्या पहाटे बँड घेऊन शेतावर जायचं,
सूर्याच्या आधी,
मेलेल्यांना सांगायचं की तो उठला आहे.
उणे बावीस. ट्रम्पेटच्या कळा अडकलेल्या.
मुखनळी काखेत धरून ऊब द्यावी लागते,
नाहीतर ओठाचं सालपट तिलाच चिकटून निघतं.
आम्ही बर्फाखालच्या दगडांना वाजवून दाखवलं,
सगळ्यांना, नावानिशी माहीत असलेल्यांना.
बाकीचे कॉफीला वळले,
तेव्हा मला आठवलं, एकजण या शेतात अजून आलेलीच नाही.

शेवटचं कडवं मी खोपीकडे तोंड करून
एकट्यानं वाजवलं. जरा बेसूर.
कडी काढली नाही.
आत काही हललं नाही.
वाट मात्र पाहिली,
नळीतलं पाणी गोठेपर्यंत.

जूनच्या मध्यावर माती सुटली.
दोन हात खाली तरीही बर्फ होता, निळसर,
तो पहारीनं फोडला.
बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेत,
एलिशिबाच्या पलीकडे.
माझी जागा कुठे येईल ते मी पावलांनी मोजलं:
एकोणचाळीस.
नथनेल समुद्राकडून येईल, त्याचं मोजता येत नाही.

तो शेवटचा कर्णा कोण वाजवणार
मला माहीत नाही.
जो कोणी असेल त्याला एवढाच निरोप द्या,
आधी थोडा वेळ काखेत धर, बाबा.
आमच्या बाजूला थंडी फार असते.